बायकांच्या विजारीचे आसन नीट बेता: गणवेश ठरवणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
गणवेश आणि कामाचे कपडे ठरवणाऱ्या, त्यांची मापे मंजूर करणाऱ्या आणि ते खरेदी करणाऱ्या सर्व समित्यांचे सदस्य

स. न. वि. वि.

बायकांच्या गणवेशात विजार आली की विषय संपला, असे तुमच्या बहुतेक ठरावांत धरून चाललेले असते. 'महिला कर्मचाऱ्यांसाठी शर्ट व पँट' अशी एक ओळ येते, तिच्याखाली पुरुषांच्या पँटचा तपशील जसाच्या तसा उतरवलेला असतो आणि शेवटी कमरेची दोन-तीन लहान मापे जोडलेली असतात. कपडे येतात, वाटले जातात आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या कितीतरी पँट कपाटात जाऊन पडतात. बसले की मागून कंबर खाली सरकते, उकिडवे बसले की शिवण उसवते, मांडीला बसेल असे माप घेतले तर पाठीमागे कमरेला मूठ शिरेल एवढी फट राहते. मग पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणते की बायकांनाच पँट नको असते.

आम्ही विजारी बेतणारे, शिवणारे आणि जुन्या पोशाखांचा अभ्यास करणारे लोक आहोत. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि त्याची किंमत रोज कुणीतरी कामावर मोजत असते, म्हणून हे पत्र. आमचे म्हणणे एवढेच, की विजार घालायची मुभा वेगळी आणि घालून काम करता येईल अशी विजार वेगळी. मुभा कायद्याने मिळते. दुसरी गोष्ट आसनावर ठरते. दोन पाय जिथे एकत्र येतात, पोटाखालून पाठीकडे जाणारा जो भाग असतो, त्याला शिंपी आसन म्हणतात. बायकांच्या विजारीचा इतिहास नीट पाहिला तर तो फिरून फिरून याच भागापाशी येतो.

आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या विजारी चीनच्या शिनजियांगमधल्या तुर्फानजवळ, यांगहाई इथल्या दफनभूमीत मिळाल्या. काळ इसवी सनापूर्वी तेरावे ते दहावे शतक. कापड लोकरीचे. एक विजार म्हणजे तीन तुकडे: दोन पायांचे दोन आणि मध्ये आसनाचा एक. यातला एकही तुकडा कापडातून कापलेला नाही, मागावरच हव्या त्या आकारात विणून मग जोडला आहे. आसनाचा तुकडा पायऱ्यापायऱ्यांचा, मध्यावर रुंद, म्हणजे घोड्यावर मांड टाकली की पाय फाकायला कापड पुरते. त्यातल्या एका विजारीत गुडघ्याशी वेगळी, जाड आणि टिकाऊ वीण घातली आहे, बाकी कापड ताण सोसेल अशा तिरक्या रेघांच्या विणीचे आहे. ज्या कबरीत ही विजार निघाली ती पुरुषाची होती. पण अडचण कोणती आणि तिच्यावर तोडगा काय, हे माणसाला तीन हजार वर्षांपूर्वीच कळले होते, हे तुम्ही ध्यानात घ्यावे. तुमच्या तपशिलात आजही आसनाला एक ओळ मिळत नाही.

घोडा आणि गवताळ प्रदेश जिथे होता तिथे बायकाही विजार घालत. युरेशियाच्या गवताळ पट्ट्यात शस्त्रांसह पुरलेल्या स्त्रियांच्या कबरी निघाल्या आहेत आणि ग्रीक चित्रकारांनी मातीच्या भांड्यांवर ॲमेझॉन स्त्रिया, म्हणजे दंतकथेतल्या लढवय्या बायका, रंगवल्या त्या नक्षीदार, अंगासरशा विजारीतच. इराण, मध्य आशिया, तुर्कस्तान, पंजाब या पट्ट्यात तर विजार हा बायकांचा रोजचा पोशाख. आपले शब्दही तिकडूनच आले आहेत. फारसीत 'पाय' आणि 'जामा', त्यावरून पायजमा, 'इजार'वरून विजार. १७१७ मध्ये इंग्लंडच्या राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिने तुर्कस्तानातून बहिणीला लिहिले, की इथला बायकांचा घेरदार सुरवार पायातल्या जोड्यापर्यंत येतो आणि आपल्याकडच्या घागऱ्यापेक्षा पाय जास्त शालीनतेने झाकतो. विजार घातली की स्त्रीची मर्यादा जाते असे जिथे मानत होते, तिथल्याच एका बाईचे हे निरीक्षण.

सलवारीची बेतणी एकदा समोर ठेवून पाहा. दोन पायांच्या मध्ये आसनाचा वेगळा तुकडा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना कळ्या, म्हणजे निमुळते तुकडे. उकिडवे बसा, मांडी घाला, कापड कुठेही ओढत नाही, कारण चार शिवणी एका बिंदूवर येऊन भिडतच नाहीत. चुडीदार दिसायला अगदी अंगासरसा, पण त्यात ताणला जाणारा धागा लागत नाही. तो तिरक्या कापडात बेततात आणि तिरके कापड आपोआप ताण देते. पिंढरीवर चुण्या पडाव्यात म्हणून लांबी पायापेक्षा जास्त ठेवतात, आणि तीच जास्तीची लांबी गुडघा वाकवताना उपयोगी पडते. शेकडो वर्षे बायकांसाठी विजारी बेतणाऱ्या हातांनी जमा केलेले हे ज्ञान आहे. आजच्या गणवेशात त्यातले काहीच येत नाही याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

युरोपात गोष्ट वेगळी घडली. तिथे विजार पुरुषाची आणि घागरा बाईचा अशी वाटणी पक्की झाली होती. १४३१ मध्ये जोन ऑफ आर्कवर चाललेल्या खटल्यात पुरुषी वेष हा एक मुख्य आरोप होता. आरोपपत्रात तिच्या पोशाखाचे वर्णन आहे: वरच्या अंगरख्याला वीस नाड्यांनी बांधलेली विजार. एकोणिसाव्या शतकातही तिथल्या बायका घागऱ्याखाली जी विजार घालत ती आसन नसलेली असे. कमरपट्टीला जोडलेल्या दोन सुट्या नळ्या, मधली शिवण उघडी. आवळलेली काचोळी आणि तिच्यावर थरावर थर चढवलेले घागरे असताना खालचे वस्त्र उतरवणे शक्यच नव्हते, म्हणून ती उघडी ठेवत. पण हळूहळू याला नैतिक अर्थ चिकटला: बंद आसन म्हणजे पुरुषाचे. बायकांच्या विजारीवरचा राग समजून घ्यायचा असेल तर ही शिवण विसरून चालणार नाही.

पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने ७ नोव्हेंबर १८०० रोजी हुकूम काढला, की पुरुषी पोशाख घालू इच्छिणाऱ्या स्त्रीने कचेरीत येऊन परवाना घ्यावा आणि त्यासाठी प्रकृतीचा दाखला आणावा. चित्रकार रोझा बोन्हूर हिने असा परवाना घेतला होता. तिला घोड्यांचे बाजार आणि कत्तलखाने यांत उभे राहून जनावरांचा अभ्यास करायचा होता आणि चिखल-रक्तातून घागरा ओढत ते होण्यासारखे नव्हते. परवाना सहा महिन्यांचा, दर वेळी नव्याने मागायचा, आणि तो पोशाख अंगावर असताना नाटकाला, नाचाला किंवा सभेला जायचे नाही. १८९२ आणि १९०९ मध्ये सवलत मिळाली ती अशी: हातात सायकलचे हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर विजार चालेल. हा हुकूम राज्यघटनेशी विसंगत, म्हणून तो आपोआप रद्दच झालेला आहे, असे फ्रेंच सरकारने जाहीर केले ते ३१ जानेवारी २०१३ रोजी.

हा परवाना आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितला. 'वैद्यकीय कारण असल्यास व वरिष्ठांच्या लेखी मंजुरीने महिला कर्मचाऱ्यांना पँटची मुभा राहील' अशी अट ज्या नियमावलीत आहे, ती नियमावली १८०० सालच्या त्या कचेरीतून अजून बाहेर पडलेली नाही. ती अट काढून टाका. कारण विचारू नका.

अमेरिकेत १८५१ मध्ये एलिझाबेथ स्मिथ मिलरने गुडघ्याच्या थोडा खाली येणारा घागरा आणि त्याखाली घोट्याशी चुण्या घातलेली तुर्की धाटणीची विजार शिवून घेतली. बागकामात लांब घागरा पायात येतो, एवढेच तिचे कारण. तिची बहीण लागणारी एलिझाबेथ केडी स्टँटन हिचे मत बदलले ते जिना पाहून. मिलर एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात मूल घेऊन सहज जिना चढून गेली आणि स्टँटन लांब घागऱ्यामुळे मागे राहिली. घागरा उचलायला एक हात लागतो. दिवा आणि मूल, दोन्ही हात गेले, तर घागरा कोण उचलणार? अमेलिया ब्लूमरने आपल्या 'द लिली' या नियतकालिकात या पोशाखाचा पुरस्कार केला आणि त्याला 'ब्लूमर' असे नाव तिचेच पडले. रस्त्यात होणारी टवाळी इतकी असह्य झाली, की काही वर्षांतच यातल्या बहुतेकींनी तो सोडून दिला. लष्करी शल्यचिकित्सक मेरी वॉकर मात्र शेवटपर्यंत विजारीतच राहिली. तिला १८६५ मध्ये अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी पदक मिळाले होते, तरी १८७० मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये तिला पोशाखावरून अटक झाली.

याच काळात इंग्लंडमधल्या विगनच्या कोळसा खाणींच्या तोंडाशी काम करणाऱ्या बायका राजरोस विजार घालत होत्या. १८४२ च्या कायद्याने बायकांना खाणीत उतरायला बंदी आली, वर कोळसा निवडायचे आणि ढकलगाड्या भरायचे काम राहिले. वर गुंडाळून घेतलेला आखूड घागरा आणि खाली जाड विजार. हे पाहून संसदेत त्यांचे कामच बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १८८७ मध्ये त्या बायका लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटल्या आणि काम टिकवून आल्या. फॅशनच्या इतिहासात यांना ओळभर जागाही क्वचित मिळते. आमच्या दृष्टीने तुमच्या गणवेशाची खरी पूर्वज ही विगनची विजार आहे.

मग सायकल आली. लंडनमध्ये १८८१ मध्ये स्थापन झालेल्या 'रॅशनल ड्रेस सोसायटी'ची एक मागणी होती, की बाईच्या आतल्या कपड्यांचे एकूण वजन, जोडे सोडून, सात पौंडांहून जास्त नसावे. म्हणजे सव्वातीन किलोंच्या आसपास. ही कमाल मर्यादा, आणि तीही फक्त आतल्या कपड्यांची! सोसायटीच्या लेडी हार्बर्टन १८९८ मध्ये सायकलवरून, विजारीत, एका खानावळीत पोचल्या तेव्हा त्यांना मुख्य दालनात घेतले नाही, मागच्या खोलीत बसा म्हणाले. १८९९ मध्ये खटला उभा राहिला आणि त्या हरल्या.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने, रेल्वे, शेती इथे बायका विजारीत आल्या. ब्रिटनमध्ये १९१७ पासून शेतीसाठी उभारलेल्या महिला दलाला तर गुडघ्याखाली आवळलेल्या विजारीचा गणवेशच होता. दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये खेड्यातली 'मोंपे' शहरातही सर्वत्र आली: जुना किमोनो उसवून शिवलेली, कमरेला आणि घोट्याला आवळता येणारी सैल विजार. अमेरिकेत लीव्हायसने १९३४ मध्ये बायकांसाठी म्हणून पहिली जीन्स काढली, तिचा क्रमांक ७०१. पण १९३८ मध्येसुद्धा लॉस एंजेलिसच्या एका न्यायाधीशाने हेलन ह्युलिक या शिक्षिकेला, ती साक्ष द्यायला पँट घालून आली म्हणून, पाच दिवसांची कैद सुनावली. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली.

या मधल्या काळात बेतणीत एक गोष्ट घडली, तिचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. बायकांच्या पँटला पुढे चेन असणे असभ्य समजत, म्हणून उघडझाप डाव्या कुशीला नेली. कुशीच्या शिवणीत चेन बसली की त्या बाजूचा खिसा अडचणीचा होतो. एक तर तो काढून टाकावा लागतो, नाही तर चेनच्या पट्टीत गुंतवून कटकटीने शिवावा लागतो. उत्पादकाने सोपा मार्ग धरला. नंतर चेन पुढे आली, खिसा मात्र परतला नाही. २०१८ मध्ये 'द पुडिंग' या संकेतस्थळाने वीस ब्रँडच्या ऐंशी जीन्स मोजल्या. बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि साडेसहा टक्के अरुंद निघाले.

बाकीचा इतिहास थोडक्यात. १९६६ मध्ये पॅरिसचा फॅशनकार ईव्ह सँ लोराँ याने बायकांसाठी पुरुषी धाटणीचा संध्याकाळचा सूट आणला. १९९३ मध्ये सिनेटर बार्बरा मिकुल्स्की आणि कॅरल मोझली ब्रॉन अमेरिकी सिनेटच्या सभागृहात पँट घालून आल्या आणि त्यानंतर तिथला दंडक बदलला. मलावीत १९७३ च्या कायद्याने बायकांच्या विजारीवर बंदी होती, ती १९९० च्या दशकात उठली. सुदानमध्ये २००९ मध्ये पत्रकार लुबना हुसेन हिच्यावर पँट घातल्याचा खटला भरला. फटक्यांऐवजी ५०० सुदानी पौंड दंड झाला, तो भरायला तिने नकार दिला आणि तुरुंगात गेली. पत्रकारांच्या संघटनेने दंड भरून तिला सोडवले. तो सार्वजनिक शिस्तीचा कायदा २०१९ मध्ये रद्द झाला.

उलटही घडले आहे, तेही सांगायला हवे. व्हिएतनाममध्ये १७४४ मध्ये दक्षिणेच्या राज्यकर्त्याने आणि पुढे १८२० च्या दशकात सम्राट मिन्ह मांगने बायकांवर विजारीची सक्ती केली, घागऱ्याला बंदी. उत्तरेतल्या लोकांनी घागऱ्याला तेव्हा 'बूड नसलेली विजार' म्हटले आणि शेतकरी बायकांनी वर्षानुवर्षे तो सोडला नाही. त्यामुळे आम्ही विजारीच्या सक्तीची मागणी करत नाही. एकाच मागणीपत्रकावर दोन्ही पर्याय, समोरासमोर दोन रकाने, खाली शेरा लिहायला जागा नाही. एवढे पुरे.

आता कामाचे बोलू. तुमच्या तपशिलात काय चुकते आणि काय घालायला हवे, ते असे.

पहिली चूक कमरेवरून माप मागवण्याची. पुरुषांच्या प्रमाण मापात कंबर आणि सीट, म्हणजे नितंबांवरचा सर्वांत मोठा घेर, यांच्यात साधारण १५ ते १८ सेंटिमीटरांचा फरक धरतात, बायकांच्या मापात तो २२ ते २८ पर्यंत जातो. कमरेवरून पँट निवडली की सीटला आणि मांडीला कमी पडते; सीटवरून निवडली की कंबर ढगळ. यातली ढगळ कंबर आत घेता येते, कमी पडलेल्या सीटला कापड कुठून आणणार? म्हणून बायकांची मागणी नेहमी सीट आणि लांबी या दोन मापांवर नोंदवा. कंबर दोन्ही कुशींना आठ-आठ सेंटिमीटरांचे इलॅस्टिक किंवा आवळपट्टी घालून जुळवता येईल अशी ठेवा.

दुसरी चूक आसनाच्या खोलीची. ती मोजायची पद्धत सोपी आहे. बाईने कडक, सपाट बैठकीच्या खुर्चीवर ताठ बसावे. कुशीवरून कमरेपासून बैठकीपर्यंत टेप धरावी. जे येईल त्यात दीड ते अडीच सेंटिमीटर सैलपणा मिळवावा. नुसत्या या मापावर मात्र थांबू नका. पुढच्या कमरेच्या मध्यापासून पायांमधून मागच्या कमरेच्या मध्यापर्यंत टेप फिरवून पूर्ण वळसा मोजा, आणि पुढचा किती, मागचा किती, हे वेगळे लिहा. दोन बायकांची सीट तंतोतंत १०० असूनही हा वळसा चार-पाच सेंटिमीटरांनी वेगळा असू शकतो, कारण एकीचा घेर कुशीला भरलेला असतो, दुसरीचा मागे.

सीट १०० सेंटिमीटर असेल तर पुढच्या आसनाची चोच, म्हणजे पायांमध्ये जाणारे कापडाचे पुढे आलेले टोक, सीटच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे सहा-सव्वासहा, आणि मागची साधारण अकरा ठेवावी लागते. मागची मधली शिवण सरळ उभी न ठेवता तिरकी घ्यायची आणि कमरेशी मागचा भाग पुढच्यापेक्षा तीनेक सेंटिमीटर उंच ठेवायचा. पुरुषांच्या पॅटर्नला नुसते प्रमाणात लहान केले की मागची चोच आणि ही उंची दोन्ही घटतात. बाई वाकते तेव्हा पाठीमागची लांबी वाढते, कापड पुरत नाही, मग कंबर खाली खेचली जाते. पँट सरकते म्हणून पट्टा आवळायला सांगणे हा यावर उपाय नव्हे. पट्टा आवळला की तोच ताण आसनाच्या शिवणीवर जातो आणि तिथे उसवते.

नमुना अंगावर चढवला की चूक डोळ्यांना दिसते. पुढे आसनापासून मांडीकडे मिशांसारख्या आडव्या रेघा पडल्या तर चोच आखूड आहे. मागे सीटखाली कापड लोंबून घड्या पडल्या तर तिरकेपणा कमी आणि लांबी नको तिथे आहे. आसनाची शिवण अंगात रुतत असेल तर खोली कमी पडली आहे, आणि ती केवळ सैल मोठे माप देऊन सुधारत नाही, कारण मोठ्या मापात घेर जितका वाढतो तितकी खोली वाढत नाही: सीट चार सेंटिमीटरांनी वाढते तेव्हा खोलीत पाऊण सेंटिमीटरही पडत नाही.

शिडी चढणे, उकिडवे बसणे, वजन उचलणे असे काम असेल तर आसनात वेगळा तुकडा घाला. शंकरपाळ्याच्या आकाराचा, लांब कर्ण १८ ते २०, आखूड कर्ण ८ ते १० सेंटिमीटर. चार शिवणी एका बिंदूवर येतात तिथे सगळा ताण एकवटतो; हा तुकडा त्यांना एकमेकींपासून दूर नेतो. यांगहाईच्या विणकराने हेच केले होते, सलवारीचे आसन हेच करते. कारखानदार सांगेल की यात दोन-चार मिनिटांचे काम वाढते. वाढू द्या. मागची मधली शिवण साखळी टाक्याची, दुहेरी घ्या. साध्या टाक्यात दोरा कमी जातो, ताण आला की तो तुटतो; साखळी टाका थोडा लांबतो आणि टिकतो.

आता एक अगदी बारीक गोष्ट. पुरुषांची चांगली शिवलेली पँट उलटी करून कंबर पाहा. मागच्या मधल्या शिवणीत कमरेशी तीन-चार सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेले जास्तीचे कापड, ठेवलेली असते, खाली उतरताना ती एक सेंटिमीटरवर येते, आणि कमरपट्टीसुद्धा मागे मध्यावर जोडलेली असते. माणसाचे पोट वाढले, कमी झाले, तर शिंपी ती एक शिवण उसवून अर्ध्या तासात पँट जुळवून देतो. त्याच गिरणीच्या कापडाची बायकांची पँट उलटी करा. बहुतेक वेळा माया जेमतेम एक सेंटिमीटर आणि कमरपट्टी अखंड. ती सैल करता येत नाही, आवळायची तर सगळी पट्टी उसवावी लागते. ज्या शरीरात बाळंतपणाने, वयाने जास्त बदल होतात त्याच शरीराच्या कपड्यात बदलाला जागा ठेवलेली नाही. यासाठी पँटमागे लागणारे कापड तळहाताएवढेही नाही. तपशिलात एक वाक्य घाला: 'मागील मध्य शिवणीत कमरेशी किमान तीन सेंटिमीटर माया व कमरपट्टी मागे मध्यावर जोडलेली.'

कमरपट्टी सरळ पट्टीची न घेता वळणाची, दोन पदरी बेता. कंबर नैसर्गिक जागेच्या खाली असेल तर सरळ पट्टी मागे हमखास उघडी राहते.

खिशाबद्दल: तोंड किमान १५ सेंटिमीटर, तोंडाच्या खालच्या टोकापासून पिशवीची खोली किमान १५, रुंदी १५. अख्खा पंजा मनगटापर्यंत आत जायला हवा. नुसती पट्टी लावून शिवलेले खोटे खिसे सरळ नाकारा. पुढच्या दोन खिशांना पाव मीटरहूनही कमी अस्तर लागते. किल्ल्या, फोन, हातमोजे, पाळीच्या दिवसांत लागणारा पॅड, हे सगळे ठेवायला खिसा नसेल तर बाई पर्स कुठेतरी ठेवून कामावर येते आणि गरजेच्या वेळी तिला जागा सोडून जावे लागते.

एकसंध बॉयलर सूट जिथे अनिवार्य आहे तिथे मागच्या बाजूला उघडणारे आसन मागवा, कुशींना आडव्या-उभ्या चेन असलेले. नाहीतर लघवीला जाताना बाईला वरचे सगळे अंग उघडे करावे लागते, थंडीत, धुळीत, कधी ओल्या फरशीवर बाह्या सांभाळत. यावर उपाय म्हणून बायका पाणी पिणे टाळतात. त्यातून मूत्रमार्गाचे दुखणे ओढवते.

कापड आटण्याचा हिशेबही मागा. ड्रिल हे जाड सुती कापड धुण्यात तीन टक्के आटले तर ७५ सेंटिमीटर आतली लांबी सव्वादोन सेंटिमीटरांनी घटते आणि आसनाच्या वळशात दोन सेंटिमीटर कमी होतात. लांबी कमी झालेली दिसते, वळसा कमी झालेला फक्त घालणारीला कळतो. कापड बेतण्याआधी आटवून घ्या. ताणाचा धागा दोन-तीन टक्के असलेले कापड आरामदायी खरे, पण कडक गरम पाणी आणि ब्लीच यांनी तो धागा मरतो. त्याच्या भरवशावर आसन कमी खोल बेतू नका. गरोदरपणासाठी पोटावर विणीच्या ताणपट्टीची पँट वेगळी नोंदवा, दोन मापे मोठी पँट देऊन भागत नाही.

मंजुरीआधी नमुना लहान, मधले आणि मोठे अशा तीन मापांत शिवून घ्या. तो प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायकांना द्या, पुतळ्यावर चढवून सही करू नका. तीनदा धुवा. मग पाच हालचाली करून पाहा: खुर्चीवर बसणे, पूर्ण उकिडवे बसणे, ४० सेंटिमीटरांच्या पायरीवर पाय ठेवून चढणे, वाकून जमिनीवरची वस्तू उचलणे, दोन्ही हात डोक्यावर नेणे. उकिडवे बसल्यावर मागची कंबर तीन सेंटिमीटरांहून जास्त खाली आली तर नमुना परत पाठवा. कुठली शिवण ताणली गेली ते खडूने खुणेने दाखवा, म्हणजे बेतणाऱ्याला नेमके कळेल. पुढची ऑर्डर याच चाचणीनंतर निघावी आणि चाचणी देणाऱ्या बायकांच्या सह्या तुमच्या सह्यांच्या वर असाव्यात, एवढी विनंती.

कळावे,
विजारी बेतणारे, शिवणारे आणि त्यांचा इतिहास अभ्यासणारे
आम्ही सर्व